मास्तरांच्या चिठ्ठीवर आलेली माणसं

तुम्हा नातवंडांपैकी मधल्याने पत्रात विचारलं आहे की पर्यटनाचा देशाच्या अर्थव्यवस्थेला काय उपयोग होतो, यावर त्याला शाळेत निबंध लिहायचा आहे, तर आजीला याबद्दल काही माहीत आहे का. आहे. आकडे तुम्हाला तिकडे परदेशातल्या ग्रंथालयात मिळतील, माझ्याकडे ते नाहीत. पण एका डोंगरावर बाहेरची माणसं यायला लागली की तिथल्या एका घराचं काय होतं, हे मी सतराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि जे झालं त्यात माझा स्वतःचा हात होता. ते क्रमाने सांगते.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, वेल्ह्याला शाळामास्तर होते. वेल्हं तोरण्याच्या अगदी पायथ्याशी. अंगणात उभं राहून मान वर केली की गड दिसे, आणि पावसाळ्यात चार महिने तो आहे की गेला तेही कळत नसे. मी पुण्याला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मॅट्रिक झाले आणि कॉलेजात जाण्याची व्यवस्था होईपर्यंत एक वर्ष घरी राहिले. युद्ध सुरू व्हायच्या आधीचं ते वर्ष. त्या वर्षात आईने मला स्वयंपाक शिकवायचा आणि अण्णांनी मला कामाला लावायचं, असं दोघांचं ठरलं होतं. कामाला लावायचं म्हणजे अण्णांचं लिखाण स्वच्छ उतरवून काढायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

अण्णांचं गडावर फार प्रेम. त्यांना वाटे, एवढा गड उभा आहे आणि पुण्याची माणसं तो फक्त पुस्तकात वाचतात. म्हणून आदल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी पुण्याच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. नसरापूरपर्यंत भोरची मोटार मिळते, तिथून बैलगाडी करावी, वेल्ह्यात आल्यावर शाळेत मास्तरांना भेटावं, पुढची सोय ते करतील, असं त्यात खुलासेवार लिहिलं होतं. गडावर लोक आले तर डोंगरातल्या माणसांना चार पैसे मिळतील, हिरडा गोळा करण्यापलीकडे त्यांना दुसरा रोजगार नाही, हेही त्यात होतं. तुमच्या निबंधाचा विषय माझ्या वडिलांना तुमच्या कितीतरी आधी सुचला होता, हे ध्यानात ठेवा.

लोक खरंच आले. पहिल्या वर्षी थोडे, दुसऱ्या वर्षी, म्हणजे मी घरी होते त्या हिवाळ्यात, जवळजवळ प्रत्येक सुट्टीला. कॉलेजातली मुलं, वकील, दोन-तीन पेन्शनर, एकदा तर एक चित्रकार पत्नीसह आला. अण्णा त्यांना गडाची माहिती सांगत, आई चहा देई, आणि निघताना अण्णा त्यांच्या हातात एक चिठ्ठी देत. गडाच्या निम्म्या वाटेवर, सोंडेवरच्या सपाटीला, धनगरांची तीन घरं होती. जवळ एक झरा होता, म्हणून प्रत्येकजण तिथेच टेके. चिठ्ठी त्या तीनमधल्या पहिल्या घरासाठी असे.

चिठ्ठीचा मजकूर मी तयार केला होता. आमच्या इंग्रजी निबंधाच्या पुस्तकात ओळखीच्या पत्रांचे नमुने होते. परक्या गावी जाणाऱ्या सभ्य माणसाजवळ असं पत्र असावं, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. त्या नमुन्यावरून मी मराठीत लिहिलं, ‘पत्र घेऊन येणारे सद्गृहस्थ आमच्या घरचेच पाहुणे आहेत असे समजून त्यांची सर्व प्रकारे सोय करावी.’ खाली अण्णांची सही. अण्णा वाचून म्हणाले, “वा. भाषा घोटीव आहे.” मग मी रिकाम्या वेळी अशा चिठ्ठ्या लिहूनच ठेवू लागले, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

त्या पहिल्या घरातल्या बाईला आम्ही मावशी म्हणत असू. वयाने आईएवढी, उंच, सडसडीत, आणि बोलायला तिखट. तिच्याकडे चार म्हशी होत्या. दर बाजारच्या दिवशी ती तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन खाली उतरे, पहिलं माप आमच्या घरी, मग बाजारात. तूप विकून ती नाचणी, मीठ, मिरची घेऊन वर जाई. डोंगरावर त्यांची शेती नव्हतीच म्हणावी, थोडी वरी पिकली तर पिकली. तेव्हा त्या घराचं सगळं पोट तुपावर होतं. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. उरलेलं ताक मात्र विकायचं नाही, हा तिकडचा कायदा. जो मागेल त्याला ताक द्यायचं, ओळखीचा असो नसो. ताक विकणाऱ्याच्या घरी म्हैस टिकत नाही म्हणत.

त्या हिवाळ्यात मावशी बाजाराला येईनाशी झाली. एक बाजार झाला, दोन झाले, तीन झाले. आईला भातावर घालायला तूप मिळेना. ती कुरकुरली तेव्हा अण्णा हसून म्हणाले, “अगं, आता तिला इथवर उतरायची गरज काय? गिऱ्हाईक तिच्या दारात जातंय. हेच तर मी लिहिलं होतं.” मलाही तेच वाटलं. मला तर वाटलं की आपण तिचे डोंगर उतरायचे श्रम वाचवले.

चौथ्या बाजाराला ती आली, पण डोक्यावर मडकं नव्हतं. शाळा सुटलेली होती. अण्णा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, मी शेजारी वह्या तपासत होते. मावशी पायरीशी बसली आणि कनवटीची एक लहान पिशवी काढून अण्णांच्या पुढे ठेवली.

“ह्ये तुमच्या पावन्यांचं,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“पैसं. इसरून जात्यात. कुनी थाळ्याखाली, कुनी घोंगडीखाली. शिकली-सवरली मानसं, पन येवढी इसराळू म्या कुठं बघितली न्हाईत. तुमी त्येंना पोचतं करा.”

अण्णांनी पिशवीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “अगं, ते विसरले नाहीत. ते तुला दिलेले आहेत.”

“मला कशापायी?”

“जेवणाचे. दुधाचे.”

मावशीने पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, एक कागुद लिवून दे. मुंबईला भावाला धाडायचाय. त्यो गोदीत हाय. म्हनावं, शिमगा झाला की आमी तिगं येतो, ह्येंना काम बगून ठेव.”

गावातल्या पुष्कळ लोकांची पत्रं आमच्याच घरी लिहिली जात, त्यामुळे मी काही न विचारता कागद घेतला. ती सांगत होती, मी लिहीत होते. म्हशींचा सौदा हेड्याशी, म्हणजे गुरांच्या दलालाशी, बोलून ठेवला आहे, तो शिमग्याला वर येऊन जनावरं बघेल. घराच्या कुडांची कारवी शेजारचे घेतील. मी लिहिता लिहिता थांबले. चार म्हशी असलेलं घर मुंबईला कशाला जाईल?

“मावशी, म्हशी का विकता?”

“दूद पुरत न्हाई.”

“आटल्या का?”

“आटत्यात कशाला? देत्यात की दूद.” एवढं बोलून ती उठली. “आजच्या टपालात टाक, बग.”

त्या दिवशीचं टपाल निघून गेलेलं होतं, पुढचं परवा जायचं होतं. पत्र माझ्याजवळच राहिलं. मला काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मावशी रात्री गावातच मुक्कामाला होती, म्हणून मी आईला म्हटलं, सकाळी तिच्याबरोबर वर जाऊन येते. आई म्हणाली, तूप मिळालं तर घेऊन ये.

सोंडेची वाट उभी आहे. मावशी पुढे अनवाणी, मी मागे वहाणा हातात घेऊन. वर पोचले तेव्हा सकाळचं ऊन चढलं होतं आणि तिची म्हातारी सासू दारात बसून कांबळ्याच्या दशा वळत होती. मी आत गेले. कारवीच्या कुडात, चुलीच्या वर, कागद खोचलेले दिसले. एकावर एक, धुराने पिवळे झालेले. मी एक काढला. माझंच अक्षर. दुसरा काढला, तोही माझा. घोटीव भाषेतली सगळी पत्रं तिथे जपून ठेवलेली होती.

“टाकायचं कसं?” मावशी म्हणाली. “मास्तरांचा कागुद हाय. आमाला वाचाया येत न्हाई, पन येनारा मोठ्यांदी वाचून दावतो. ‘आमच्या घरचे पाहुणे.’ आमी समदी पाठ केलीय.”

म्हातारी बाहेरून म्हणाली, “जेवाया बसायच्या आदी आरती म्हनल्यागत म्हनत्यात.”

मी अजून हसत होते तेवढ्यात खालून बोलणी ऐकू आली. पुण्याची चार माणसं वर येत होती. माझ्यापाठोपाठ अण्णांकडून चिठ्ठी घेऊनच निघालेली. त्यांतल्या गोल टोपीवाल्याने ओट्यावर उभं राहून खणखणीत आवाजात माझा मजकूर वाचला. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला, घोंगडी अंथरली आणि आत येऊन विरजणासाठी ठेवलेलं दूध चुलीवर ठेवलं. म्हणजे त्यांना चहा. मग दुसऱ्या मडक्यातलं दही काढलं. “गडावरचं दही खायलाच हवं,” असं टोपीवाला बाहेर म्हणत होता. भाकरीचं पीठ तिने डब्यातून काढलं तेव्हा डब्याच्या तळाला हात घासल्याचा आवाज मला ऐकू आला.

मला तिथे, त्या चुलीजवळ, सगळं समजलं. चार माणसं चहा पिऊन, दही-भाकरी खाऊन वर जाणार, उतरताना पुन्हा दूध पिणार. त्यात दोन दिवसांचं लोणी गेलं. असे लोक त्या हिवाळ्यात किती तरी आले होते. लोणी नाही म्हणून तूप नाही, तूप नाही म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून नाचणी नाही, आणि असलेली नाचणीही तेच खात होते. आम्ही बसल्या जागी सह्या करून एका घराच्या चार म्हशी पुण्याला खाऊ घातल्या होत्या.

ती माणसं वाईट नव्हती हे मुद्दाम सांगते. जेवण झाल्यावर टोपीवाल्याने पाकीट काढलं. मावशी म्हणाली, “ठेवा ते. मास्तरांचं पावनं तुमी.” त्याने दोनदा आग्रह केला, तिने दोनदा नाही म्हटलं, तेव्हा त्याने पाकीट खिशात ठेवलं. पण जाताना घोंगडीची कड उचलून त्याने हळूच काही ठेवलं ते मी पाहिलं. मावशीनेही पाहिलं.

ते वर गेले. मावशीने घोंगडी झटकली, पडलेली नाणी वेचली आणि कोनाड्यात ठेवली.

मी म्हटलं, “मावशी, हे घे ना. यासाठी लोक देतात.”

“पावन्याचं पैसं घ्यू? आमच्यात पावन्याला खाऊ घालून हात पसरत न्हाईत.”

“ते तुझे पाहुणे नाहीत गं. ते गड पाहायला आलेत.”

“मग त्येंच्या हातात कागुद कशाला दिला?”

कागद मीच दिला होता.

मी दुसरीकडून सुरुवात केली. “तूप विकतेस ना बाजारात?”

“तूप बाजारात इकतो. चुलीम्होरं बसल्याला इकत न्हाई.” तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. “तुमच्या पुन्यात समदंच इकत्यात म्हनं. पानी बी इकत्यात म्हनं, खरं का?”

“तसं काही नाही.”

“इकतील यक दिस,” म्हातारी दारातून म्हणाली.

मावशीचा नवरा तेव्हा म्हशी पाण्यावर नेऊन परत आला. अबोल माणूस होता. तो दारात टेकला आणि म्हणाला, “आमच्या मनात राग न्हाई. मास्तर द्येवमानूस. पन आता भागत न्हाई. मुंबईत भागंल.” एवढं बोलून तो म्हशींकडे बघत राहिला. गोदीत ओझी उचलायची त्याला भीती नव्हती. पण चार म्हशी हेड्याच्या दोरीने खाली जाताना त्याला पाहाव्या लागणार होत्या, आणि त्याच्याकडून ते होणार नाही हे मला तेवढ्यात दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, आजी, मग सरळ सांगायचं की इथे जेवणाला इतके पैसे पडतील, पाटी लावायची. तुमच्या देशात ते बरोबर आहे. तिथे ते बरोबर नव्हतं. पाटी लावली असती तर मावशीने ती चुलीत घातली असती, आणि ते योग्यच झालं असतं. जिथे माणूस पैसे घेतच नाही तिथे पैसा नेऊन ओतला तर तो नाण्यांच्या पिशवीतून परत येतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मी विचारलं, “मावशी, गडावर मेंगाई देवीला लोक येतात नवरात्रात. ते कुठे जेवतात?”

“हितंच. आमीच शिजवून देतो.”

“फुकट?”

“फुकट कशाला? शिदा घिऊन येत्यात. तांदूळ, डाळ, गूळ. आपन शिजवायचं, त्येंनी जेवायचं, उरंल त्यो शिदा चुलीचा. तसंच असतंय.”

“आणि वर वाट दाखवायला कुणी जातं त्यांच्याबरोबर?”

“हे जात्यात.” तिने नवऱ्याकडे मान वळवली. “त्येची मजुरी घेत्यात. कामाची मजुरी घ्याया काय हरकत?”

सगळी सोय तिच्या घरात आधीपासून होती. देवीला येणारा माणूस आणि मास्तरांचा पाहुणा, यांच्यासाठी तिच्याकडे दोन वेगळ्या रीती होत्या, आणि मी सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहून पुण्याच्या प्रत्येक माणसाला चुकीच्या रीतीत ढकललं होतं.

“मावशी,” मी म्हटलं, “यापुढे येणारे देवीला आणि गडाला येणारे असतील. आमचे पाहुणे नसतील. शिधा घेऊन येतील.”

“मास्तरांनी सांगिटलं?”

“मी सांगते.”

“तुज्या सांगन्यावर म्हशी ठिवू व्हय?” ती म्हणाली, पण तिच्या तोंडावर थोडं हसू होतं. “मास्तरांना इचार आदी.”

अण्णांना विचारणं हे गड चढण्यापेक्षा कठीण होतं. मी घरी येऊन सगळं सांगितलं. कुडातले कागद, डब्याचा तळ, हेड्या, सगळं. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मग एकदम ताठ झाला.

“म्हणजे मी घरी आलेल्या सुशिक्षित माणसाला सांगायचं, पीठ बांधून आण?”

“पीठ नाही. शिधा.”

“अगं, पण मी लेखात लिहिलंय, मास्तर सोय करतील म्हणून. माझ्या शब्दावर लोक येतात. माझी अब्रू आहे त्यात.”

“अण्णा, अब्रू तुमची आहे. दूध तिचं आहे.”

आई आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. अण्णांशी असं बोलण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी नाण्यांची पिशवी उचलून हातात घेतली. ती ओट्यावरून कोणी हलवलीच नव्हती.

“तिने हे परत आणलं,” ते शेवटी म्हणाले, “तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

“चिठ्ठी मी लिहिली होती,” मी म्हटलं.

“सही माझी होती.” मग दौत माझ्याकडे सरकवून, “लिही नवीन.”

या वेळी मी इंग्रजी पुस्तक उघडलं नाही. ‘हे लोक देवीच्या दर्शनाला व गड पाहण्यास येत आहेत. सोबत शिधा आहे. वाट दाखवणाऱ्याची दिवसाची मजुरी ते देतील. तूप हवे असल्यास बाजारच्या दिवशी वेल्ह्यात मिळेल.’ एवढंच. अण्णांनी ते वाचलं आणि भाषेबद्दल काही बोलले नाहीत. साप्ताहिकालाही त्यांनी दोन ओळी पाठवल्या की गडावर येणाऱ्यांनी माणशी शिधा आणि वर एक माप जास्त आणावं. वरचं एक माप ही त्यांची भर होती. मावशीच्या भावाला लिहिलेलं पत्र मी टपालात टाकलं नाही. ती विचारायला येईल तेव्हा सांगू असं ठरवलं आणि काही दिवस मनातून घाबरून राहिले.

नव्या चिठ्ठीवर पहिल्यांदा पाच शिक्षक आले. अण्णांनी अवघडत त्यांना शिध्याचं सांगितलं. त्यातला एकजण म्हणाला, “अहो, हे फार बरं झालं. मागच्या खेपेस त्या बाई पैसेच घेईनात, तेव्हापासून आम्हाला पुन्हा यायला संकोच वाटत होता.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिक्षक बाजारातून तांदूळ, डाळ, गूळ घेऊन वर गेले, मावशीच्या नवऱ्याने त्यांना बिनी दरवाज्यातून वर नेऊन सगळा गड फिरवला, आणि संध्याकाळी परतताना ते त्याच्याबद्दलच बोलत होते. खाली अबोल असलेला तो माणूस गडावर बोलायचा थांबत नव्हता म्हणे. कुठल्या टाक्यात पाणी बारमाही, कुठल्या कड्यावरून म्हैस पडली होती, कुठे मधाचं पोळं असतं, सगळं त्याने दाखवलं. अण्णांना माहीत नसलेल्या चार गोष्टी त्या शिक्षकांनी त्यांना सांगितल्या. अण्णांनी त्या लिहून घेतल्या.

त्यानंतर शिमग्यापर्यंत प्रत्येक सुट्टीला लोक आले, उलट आधीपेक्षा जास्त आले, कारण ज्याला आपण कुणाला बुडवत नाही याची खात्री असते तो पुन्हा येतो आणि दुसऱ्यालाही आणतो. मावशीच्या घरातलं दूध विरजणाला लागू लागलं. फाल्गुनात हेड्या ठरल्याप्रमाणे वर गेला. तो उतरून आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला तेव्हा त्याच्या हातातली दोरी मोकळीच होती. तो अण्णांना म्हणाला, “दीड कोस चढून गेलो अन् बाई म्हणते या वर्सी न्हाई. बयाना परत केला. तांदळाचं पोतं बघितलं म्या कोपऱ्यात. धनगराच्या घरी तांदूळ, मास्तर.” अण्णा म्हणाले, “असं का,” आणि त्याला गुळाचा खडा दिला.

मावशी पुढच्या बाजाराला तूप घेऊन उतरली. पहिलं माप आईला दिलं आणि मला म्हणाली, “भावाचं उत्तर न्हाई आलं.”

“मी पत्र टाकलंच नाही.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “टाकलं असतंस तर त्यो धावत आला असता.” आणि मडकं उचलून बाजाराकडे गेली.

ते घर श्रीमंत झालं नाही. पावसाळ्यात गडावर कोणी येत नसे, तेव्हा ती तिघं आधीसारखीच तुपावर आणि हिरड्यावर जगत. पण ती तिथेच राहिली. माझं लग्न झालं तेव्हा होती, माझ्या मुलांना घेऊन मी वेल्ह्याला गेले तेव्हाही होती, आणि म्हशी चाराच्या सहा झाल्या होत्या. शेजारच्या दोन घरांनीही वाट दाखवायला माणूस द्यायला सुरुवात केली. देशाच्या तिजोरीत पर्यटनाने किती भर पडते हे तुमचे शिक्षक तुम्हाला शिकवतील. मी एवढंच खात्रीने सांगते की बाहेरून आलेला पैसा कोणत्या दाराने घरात शिरतो हे आधी पाहावं. चुकीच्या दाराने आला तर त्याच पैशाने घर उठतं. बरोबर दार बहुतेक वेळा घरात आधीपासून असतं, फक्त आपण ते विचारत नाही.

राहिले अण्णा. पुढच्या दसऱ्यानंतर ते खूप दिवसांनी स्वतः गडावर निघाले. नियम केला आहे तर आपणही पाळला पाहिजे, म्हणून त्यांनी पंच्यात तांदूळ, डाळ आणि गूळ बांधून घेतला. आईने वर एक माप जास्त घातलं. कॉलेजच्या सुट्टीत आलेली मी बरोबर होते. सोंडेवर पोचल्यावर त्यांनी ते गाठोडं मावशीच्या ओट्यावर ठेवलं आणि धोतराने घाम पुसला.

मावशीने गाठोड्याकडे पाहिलं. “ह्ये काय?”

“शिधा.”

“कुनाचा?”

“आमचा. दोघांचा आणि एक माप जास्त.”

तिने गाठोडं उचललं, पुन्हा अण्णांच्या खांद्यावर ठेवलं आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, “बगा, मास्तर शिदा घिऊन आल्यात. आपुन मेलो का काय?” मग अण्णांना म्हणाली, “मास्तर, तुमी पावनं. बसा मुकाट.”

अण्णा बसले. मावशीने दूध तापवलं, ताजं लोणी भाकरीवर ठेवलं, आणि ते जेवत असताना समोर बसून राहिली. त्यांनी खिशाकडे हात नेला नाही. तेवढं ते शिकले होते.